वाचनाचे नवे साधन
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



वाचनालयाची कपाटे हलवून सभागृह वाढवावे, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आली आहे. मुले वाचत नाहीत आणि वडीलधाऱ्यांना दिसत नाही, असे कारण सांगतात. यांपैकी दुसऱ्या कारणावर उपाय निघाला आहे, तेवढे सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत.

आमचा रोख ई-रीडर या यंत्राकडे आहे. २००४ साली जपानात सोनी कंपनीने आणि २००७ साली अमेरिकेत ॲमेझॉनने ‘किंडल’ या नावाने असे यंत्र विक्रीस काढले. मोबाइलशी त्याची गल्लत करू नये. मोबाइलचा पडदा डोळ्यांवर प्रकाश फेकतो. याच्या पडद्यात केसाच्या जाडीएवढ्या कुप्या असून त्यांत काळे व पांढरे कण असतात. विजेच्या योगे हवे ते कण वर येऊन अक्षर उमटते आणि पान उलटेपर्यंत विजेवाचून तसेच राहते. म्हणून एकदा चार्ज केले की ते कित्येक दिवस चालते, आणि भर उन्हात ओसरीवर बसूनही वाचता येते.

परंतु त्याचा खरा गुण त्याच्या दारिद्र्यात आहे, असे आमचे मत आहे. त्यावर ना कोणाचा फोन येतो, ना चित्रपट दिसतो. वाचावे, नाहीतर खाली ठेवावे! अक्षर मात्र हवे तेवढे मोठे करता येते. दृष्टी अधू झाल्यामुळे ज्यांनी पोथी मिटून ठेवली, त्यांना याचे मोल आम्ही काय सांगावे? २०१६ पासून किंडलवर मराठी पुस्तकेही मिळू लागली आहेत.

मग कपाटे काढावीत काय? मुळीच नाही. अशा पुस्तकाचे पैसे मोजले तरी बहुधा वाचण्याचा परवाना मिळतो, मालकी नव्हे. २००९ साली ऑर्वेलची ‘१९८४’ ही कादंबरी ॲमेझॉनने हक्कांच्या कारणावरून ग्राहकांच्या यंत्रांतून परस्पर काढून घेतली. पैसे परत दिले, पुढे क्षमाही मागितली. पुस्तकही परत देऊ केले. पण एकदा ते न विचारता गेलेच. आपल्या कपाटातून असे कोणी रातोरात नेत नाही. (सभासद नेऊन परत आणीत नाहीत, ते निराळे!) शिवाय मंडळाच्या जुन्या स्मरणिका कोणत्या यंत्रावर मिळणार?

तेव्हा आमची विनंती अशी : मंडळाने दोन यंत्रे घ्यावीत व ज्येष्ठ सभासदांना पंधरा दिवसांच्या मुदतीने घरी न्यावयास द्यावीत. ती वापरावयास शिकविण्याचे काम नववी-दहावीच्या मुलांकडे सोपवावे. दर शनिवारी सायंकाळी त्यांच्यासोबत आम्हीही येऊ. कपाटांच्या किल्ल्या तूर्त आहेत तेथेच असू द्याव्यात.