मुख्याध्यापकास सोबती हवेत
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या समाजात शिक्षकी पेशा पत्करलेली मंडळी पुष्कळ आहेत व त्यांतील काही मुख्याध्यापकपदावर आहेत. त्यांच्याचविषयी आज चार शब्द बोलावेत, असे मनाने घेतले आहे.

शाळेत सर्व मुलांस सारखे लेखावे, हे तत्त्व कोणासही अमान्य नाही. 1 एप्रिल 2010 पासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क कायद्यानेच दिला आहे. परंतु तत्त्व मानणे निराळे आणि ते नित्य पाळणे निराळे. आपल्या जिल्ह्यात सिंदखेड राजा, लोणार या भागांतून कित्येक कुटुंबे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीस जातात. त्यांच्या मुलांची नावे हजेरीपटावर राहतात, मुले मात्र फडावर असतात. ती परतल्यावर त्यांचा बुडालेला अभ्यास भरून काढणे हे कष्टाचे काम. त्याचे कौतुक तर नाहीच, उलट ‘या मुलांपायी आमची मुले मागे पडतात’ अशी कुरकुर ऐकावी लागते. एकटा मुख्याध्यापक पहिल्या वर्षी ती सोसतो, दुसऱ्या वर्षी थकतो आणि तिसऱ्या वर्षी केवळ हजेरीपट भरू लागतो. त्याची निष्ठा खोटी नसते. ती एकाकी असते.

सावित्रीबाई फुले यांचेच उदाहरण घ्या. 1848 साली पुण्यात मुलींची शाळा निघाली आणि 1849 साली फुले दांपत्यास घर सोडावे लागले. त्या वेळी उस्मान शेख यांनी आसरा दिला. पुढे 1856 साली सावित्रीबाई आजारपणामुळे नायगावास माहेरी होत्या. तेथून जोतीरावांस लिहिलेल्या पत्रात, आपल्या मागे कामाचा भार फातिमेवर पडला असेल, परंतु ती कुरकुर करणार नाही, असा विश्वास त्यांनी व्यक्त केला आहे. ज्यांचे धैर्य आपण वंदनीय मानतो, त्यांनाही सहकारिणीचा आधार लागला.

आज केंद्रातील शाळांच्या शिक्षण परिषदा भरतात. पण परिपत्रके व माहितीचे तक्ते यांतच पुष्कळ वेळ जातो. आठ-दहा मुख्याध्यापकांनी महिन्यातून एकदा स्वेच्छेने एकत्र बसावे. कोणाची मुले कोठे गेली, त्यांना शिक्षण हमी कार्ड मिळाले काय, परतलेल्यांना वर्गात कसे सामावले, हे एकमेकांस विचारावे. पुढील महिन्यात आपला सोबती त्या मुलाचे नाव घेऊन विचारणार आहे, ही जाणीव वरिष्ठांच्या ताकिदीहून अधिक काम करते. आणि गावाचा रोष आला तर तो वाटून घेण्यास दहा जण असतात.

येथे एक गोष्ट स्पष्ट बोलतो. ही बैठक केवळ आपल्याच ज्ञातीची झाली, तर तीत आपल्याच मुलांची चिंता होईल आणि मूळ हेतू बुडेल. फडावरचे मूल बहुधा आपल्या ज्ञातीचे नसते. म्हणून माझी विनंती अशी की, मंडळाने आपले सभागृह महिन्यातून एका रविवारी सर्व समाजांच्या मुख्याध्यापकांस विनामूल्य खुले करावे. खर्च सतरंजीचा आणि चहाचा. परंतु त्यायोगे आपले मंडळ ज्ञातीपुरते न राहता तालुक्याचे भूषण ठरेल.