गोदामातली पाळी, कॉलेजचा तास

भिवंडीजवळ पूर्णा, काल्हेर, राहनाळ हा सारा गोदामांचा पट्टा. इथे काम करत पदवी शिकायची असेल, तर आधी हजेरीचा हिशेब मांडा. मुंबई विद्यापीठाच्या नियमित अभ्यासक्रमांना ७५ टक्के उपस्थिती लागते. म्हणून सकाळचं कॉलेज असेल, तर दुपारची पाळी मागून घ्या. तेवढी हजेरी जमणारच नसेल, तर १९७१ पासून सुरू असलेलं मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण किंवा १९८९ मध्ये स्थापन झालेलं नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, असे पर्याय आहेत. दिवाळीच्या आसपास गोदामांत मालाची गर्दी असते आणि सत्र परीक्षाही तेव्हाच येतात. वेळापत्रक लागताच सुपरवायझरला लेखी कळवा, रजा आधीच मंजूर करून घ्या.