डोंगरातील लहान शेजारी : ओळख आणि आनंद



ठाण्याहून घोडबंदरकडे जाताना मानपाडा लागते. एका अंगास उंच इमारतींच्या रांगा, तर दुसऱ्या अंगास येऊरचे डोंगर. सुमारे १०४ चौरस किलोमीटर विस्ताराच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा हा पूर्वेकडील भाग होय. या वनाचे नाव निघाले की चर्चा होते ती बिबट्याची. परंतु पायथ्याच्या रहिवाशांची गाठ अधिक वेळा पडते ती उदमांजर, मुंगूस, ससा, चिचुंद्री अशा लहान सस्तन प्राण्यांशी. त्यांची ओळख नसली की अनर्थ ओढवतो. छपरावरून जाणारे उदमांजर ‘बिबट्याचे पिल्लू’ ठरते, जमाव जमतो आणि एका निरुपद्रवी जिवावर बेतते.

वास्तविक ओळख पटविणे कठीण नाही. उदमांजराचे अंग काळपट करडे असून लांब शेपटीवर वलये नसतात. कोकणात त्यास कांडेचोर म्हणतात. जवादी मांजराच्या अंगावर ठिपक्यांच्या ओळी व शेपटीवर वलये असतात. प्राणी दिसला नाही तरी चिखलातील ठसे बोलतात. बिबट्याच्या ठशात चार बोटे उमटतात, उदमांजराच्या ठशात पाच. हा प्राणी रानफळे खातो व त्यांच्या बिया विष्ठेवाटे दूरवर पोहोचवितो. वनाची अशी विनामूल्य पेरणी करणाऱ्यास शत्रू कसे म्हणावे?

मुंगूस दिवसा हिंडते. शेपटीचे टोक काळे व वर वळलेले असल्यास ते तांबूस मुंगूस समजावे. करड्या मुंगसाच्या शेपटीस असे काळे टोक नसते. येथे शिक्षकांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. मुंगसाच्या केसांपासून रंगकामाचे कुंचले करण्यासाठी त्याची हत्या होत आली आहे. १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने मुंगसाला संरक्षण दिले असून हा व्यापार बेकायदेशीर आहे. चित्रकलेच्या तासाला असा कुंचला वर्गात येऊ नये.

काही गैरसमजही दूर व्हावयास हवेत. चिचुंद्री हा उंदीर नव्हे. लांब मुस्कटाचा हा कीटकभक्षक प्राणी घरातील झुरळे फस्त करतो. साळिंदर काटे फेकून मारीत नाही. ते पाठमोरे होऊन शत्रूवर धडकते, तेव्हा सैल काटे त्याच्या अंगात रुततात. सशाची पिले उघड्या डोळ्यांनी व अंगावर लव घेऊनच जन्मतात. गवतात एकटी दिसली म्हणजे ती पोरकी झाली असे नव्हे, कारण आई काही वेळापुरतीच पाजावयास येते. दयेपोटी उचलून घरी नेलेले पिल्लू बहुधा दगावते. म्हणून त्यास जागेवरच राहू द्यावे. जखमी प्राणी आढळल्यास वन कार्यालयास कळवावे.

मुंबई नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १८८३ मध्ये झाली. तिने १९११ मध्ये देशातील सस्तन प्राण्यांचे सर्वेक्षण हाती घेतले, तेव्हा अभ्यासासाठी प्राणी मारून नमुने जमवावे लागत. आज दुर्बीण, नोंदवही आणि थोडा धीर पुरेसा आहे. पहाटे किंवा तिन्हीसांजेला, गडद नसले तरी मातकट रंगाचे कपडे घालून, न बोलता एका जागी बसावे. प्राण्यांना खाऊ घालू नये, त्यांच्या डोळ्यांवर प्रखर प्रकाश टाकू नये. राष्ट्रीय उद्यानात वन विभागाच्या परवानगीनेच प्रवेश करावा.

पंचायत सदस्यांनाही पुष्कळ करता येईल. उघड्या विहिरींना कठडे बांधावेत, कचरा रानाच्या कडेला टाकू देऊ नये, फासे लावणाऱ्यांची माहिती वन कर्मचाऱ्यांस द्यावी. शाळेने पाऊलखुणांची एक वही ठेवावी आणि मुलांनी पाहिलेल्या ठशांची तारीखवार नोंद करावी. ज्या मुलाने उदमांजराची पाच बोटे एकदा मोजली, ते मूल पुढे जमावात काठी घेऊन उभे राहणार नाही. उलट, ‘थांबा, हा बिबट्या नव्हे,’ असे तेच सांगेल.