चालून मागितलेली वर्गणी

श्रोतेहो, रतनगड, कात्राबाईची खिंड, कुमशेत, पाचनई आणि शेवटी हरिश्चंद्रगड. अकोले तालुक्यातली ही डोंगरवाट आम्ही सहा जणांनी तीन दिवसांत पुरी केली, ती आदिवासी मुलामुलींच्या एका वसतिगृहाला मदत म्हणून. निघण्यापूर्वी ओळखीच्यांकडून वर्गणीचे आकडे लिहून घेतले होते.

शेजारच्या काकांनी विचारलं, "हौस तुमची, मग पैसे आमचे का?" प्रश्न रास्त होता. म्हणून आम्ही नियमच केला. प्रवास, शिधा, वाटाड्याची मजुरी हे सारं आमच्या खिशातून. वर्गणी थेट वसतिगृहाकडे जायची आणि पावती देणाऱ्याच्या नावानं फाडायची.

चालत जाऊन मागण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. १९५१ साली पोचमपल्लीत भूदानाला आरंभ झाला आणि विनोबा पुढं तेरा वर्षं पायी हिंडले. मागणारा स्वतः ऊन सोसतो आहे हे दिसलं, की माणूस त्याचं निदान ऐकून तरी घेतो.

मात्र या चालण्याचा फार मोठेपणा मिरवू नये. ज्या चढावर आम्ही धापा टाकत होतो, तिथं आमचा वाटाड्या दोघांच्या पाठपिशव्या घेऊन सहज पुढं गेला. त्याचा तो रोजचा रस्ता!

श्रोतेहो, असा उपक्रम कुणी तुमच्या दारी आणला, तर दोन गोष्टी जरूर विचारा. खर्च कुणाच्या खिशातला? पावती कुणाच्या नावाची? उत्तरं सरळ मिळाली, की हात सैल सोडा.