थेंब डोळ्यात, परिणाम अंगभर

काचबिंदूचं औषध घातल्यावर घशाशी कडवट चव येते, असं घरातल्या आजोबांनी कधी सांगितलंय? तो भास नाही. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यातून अश्रूंची बारीक वाट नाकात उतरते. थेंब त्याच वाटेनं जातो आणि नाकाच्या अस्तरातून रक्तात मिसळतो. पोटात घेतलेली गोळी आधी यकृतातून जाते, तिथे तिचा जोर कमी होतो. थेंबाला ती गाळणी लागतच नाही.

टिमोलॉल हे यातलं जुनं, स्वस्त आणि गुणकारी औषध. पण ते बीटा ब्लॉकर आहे, रक्तदाबाच्या काही गोळ्यांचं भावंडच. त्यानं नाडी मंदावू शकते, उठताना चक्कर येऊ शकते. दमेकऱ्यांना तर ते देतच नाहीत. आजी न्हाणीघरात पडली की आपण म्हणतो, वय झालं. मला हे फार लागतं, कारण थेंबांची बाटली हृदयाच्या डॉक्टरांना दाखवायचं कुणाला सुचतच नाही. गोळ्यांच्या पिशवीत तीही टाका.

थेंब घातल्यावर डोळा अलगद मिटा आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटानं दोन-तीन मिनिटं हलकेच दाबून धरा. एका वेळी एकच थेंब पुरतो. औषध मनानं बंद करू नका, काचबिंदूनं गेलेली नजर परत येत नाही. दुसऱ्या प्रकारचे थेंबही मिळतात, डॉक्टरांना विचारा. आणि धाप लागली, घेरी आली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठा.