चूल आपली, सरपण कोणाचे?

तारापूरला एकाच आवारात दोन पिढ्यांच्या अणुभट्ट्या उभ्या आहेत. अमेरिकेच्या साहाय्याने उभारलेल्या पहिल्या दोन १९६९ साली सुरू झाल्या. स्वदेशी बनावटीच्या, प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन भट्ट्या २००५ आणि २००६ साली वीज देऊ लागल्या.

अणुवीज ही मुळात वाफेचीच वीज. युरेनियम-२३५च्या अणुकेंद्रावर न्यूट्रॉन आदळला की ते दुभंगते, प्रचंड उष्णता निर्माण होते आणि दोन-तीन न्यूट्रॉन बाहेर पडून पुढची केंद्रे फोडतात. ही साखळी काबूत ठेवली की वाफ मिळते. धूर नाही, राखेचे ढिगारे नाहीत. वापरलेले इंधन मात्र दीर्घकाळ किरणोत्सारी राहते, ते जपावेच लागते.

नैसर्गिक युरेनियमच्या हजार भागांत युरेनियम-२३५ जेमतेम सात भाग. पहिल्या भट्ट्यांना ते प्रमाण वाढवलेले समृद्ध इंधन लागते. ते अमेरिका देत असे. १९७४च्या पोखरण चाचणीनंतर तिने हात आखडता घेतला आणि पुढे फ्रान्सकडे वळावे लागले. चूल घरात, सरपण परक्याच्या अंगणात!

स्वदेशी भट्ट्यांत जड पाणी असते. ते न्यूट्रॉनचा वेग मंदावते, पण त्यांना फारसे गिळत नाही. म्हणून नैसर्गिक युरेनियमवरच भागते. तरीही देशातील युरेनियम बेताचेच, काही आजही आयात होते. विपुल आहे ते केरळ-तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील वाळूतले थोरियम. ते थेट इंधन होत नाही. भट्टीत न्यूट्रॉन शोषून त्याचे युरेनियम-२३३ व्हावे लागते. डॉ. होमी भाभांची तीन टप्प्यांची योजना याच थोरियमपर्यंत पोहोचण्यासाठी होती.