आजारी कामगार आणि अर्ध्या दिवसाचा हक्क

(बंगळूरच्या सर्जापूर रोड परिसरातील मराठी भाषक कर्मचाऱ्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



कोरमंगलापासून निघून आगरा, इब्बलूर, कैकोंड्रहळ्ळी, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र ही गावे मागे टाकत सर्जापूरला जाणाऱ्या या रस्त्यावर दररोज सकाळी दोन प्रकारचे कामगार एकाच फाटकातून आत शिरतात. एक फाटकावर उभा राहतो किंवा फरशा पुसतो. तो कंत्राटदाराचा माणूस. दुसरा गळ्यात ओळखपत्र अडकवून वरच्या मजल्यावर संगणकापुढे बसतो आणि स्वतःला कामगार म्हणवून घ्यायला बहुधा तयार नसतो. दोघांच्या पगारात जमीन-अस्मानाचे अंतर आहे. परंतु क्षय, कर्करोग किंवा मूत्रपिंडाचा विकार जडला की दोघांपुढे प्रश्न एकच उभा राहतो: नोकरी टिकेल काय, आणि टिकली तर पूर्वीइतके तास काम झेपेल काय?

यात कागदावर तरी फाटकावरच्या माणसाची बाजू अधिक भक्कम आहे. ती त्याला कोणी दयाबुद्धीने दिलेली नाही. आजारी कामगारांसाठी विमा असावा ही शिफारस १९३१ साली व्हिटली कमिशनने केली होती. पुढची बारा वर्षे सरकारने ती दप्तरातच ठेवली. १९४३ साली प्रा. बी. पी. अडारकर यांच्याकडे योजना आखण्याचे काम सोपविण्यात आले. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होते. अडारकरांचा अहवाल १९४४ साली आला, १९४८ साली कर्मचारी राज्य विमा कायदा झाला, २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजना सुरू झाली आणि १९५४ साली ती मुंबईच्या गिरणगावात पोहोचली. या योजनेनुसार वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के रक्कम मिळते. क्षय, कर्करोग यांसारख्या ठरावीक दीर्घ आजारांत पुढेही ८० टक्के दराने लाभ चालू राहतो. याहून मोलाचे होते ते ७३ वे कलम: कामगार आजारपणाचा लाभ घेत असताना मालकाने त्याला काढू नये, त्याचा दर्जा उतरवू नये, त्याला शिक्षा करू नये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. विमा योजना चालू आहे.

अर्थात, लाभासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीच्या काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कंत्राटदाराने कामगाराच्या पगारातून पैसे कापले पण भरलेच नाहीत, तर ही गोष्ट कामगाराला बहुधा कळते ती दवाखान्याच्या खिडकीपाशी, अंगात ताप असताना.

आता वरच्या मजल्याकडे वळू. १ जानेवारी २०१७ रोजी या विम्याची मजुरीमर्यादा २१,००० रुपये करण्यात आली आणि पुढे आठ वर्षांहून अधिक काळ ती तेथेच राहिली. या रेषेपलीकडच्या माणसाला ना ७० टक्के, ना ७३ व्या कलमाचे कवच. त्याच्या वाट्याला येते कर्नाटकाच्या १९६१ च्या दुकाने व व्यापारी आस्थापना कायद्यातील वर्षाला १२ दिवसांची आजारपणाची पगारी रजा. केमोथेरपी कित्येक महिने चालते. बारा दिवस पहिल्या दोन-तीन फेऱ्यांतच संपतात. कंपनीचा गटविमा आहे, असे सांगितले जाते. तो रुग्णालयाचे बिल भरतो, बुडालेला पगार भरत नाही. आणि नोकरी गेली की बहुधा तोही जातो. शिवाय औद्योगिक आस्थापनांना लागू असलेल्या स्थायी आदेशांच्या कायद्यातून कर्नाटक सरकारने २०१४ साली माहिती तंत्रज्ञान उद्योगाला सूट दिली आणि २०१९ व २०२४ साली ती पुन्हा वाढविली. ज्याला ‘सुशिक्षित’ म्हणून गौरविले जाते, त्याच्याच हातातून नोकरीच्या अटींचा छापील कागद काढून घेण्यात आला.

परंतु खरी मेख वेगळीच आहे आणि ती दोन्ही मजल्यांवर सारखीच टोचते. आपला कायदा माणसाच्या दोनच अवस्था ओळखतो: पूर्ण सशक्त आणि पूर्ण अशक्त. ज्या दिवशी मजुरी घेतली त्या दिवसाचा आजारपणाचा लाभ नाही, हा विम्याचा नियम. म्हणजे डायलिसिसवरून परतलेला, चार तास काम करू शकणारा आणि करू इच्छिणारा माणूस कायद्याला दिसतच नाही. त्याने घरी पडून राहावे किंवा आठ तास भरावेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने वाजवी सोयीचे तत्त्व मान्य केले हे खरे. तथापि सेवेत असताना अपंगत्व आलेल्याला काढू नये हे बंधन त्याने केवळ सरकारी आस्थापनांवर घातले. बहुविध स्क्लेरोसिस व पार्किन्सन त्याच्या यादीत आहेत, कर्करोग नाही.

हे अटळ आहे काय? स्वीडनमध्ये आजारपणाचा लाभ पाव, अर्धा किंवा पाऊण प्रमाणातही मिळतो. जर्मनीत डॉक्टरच्या आराखड्यानुसार कामगार दोन तास, चार तास, सहा तास असा हळूहळू कामावर परततो, आणि तेवढा काळ कायद्याच्या दृष्टीने तो आजारीच राहून त्याचा लाभ चालू असतो. जर्मन कामगारांना हे सहज मिळाले असे कोणी समजू नये. श्लेस्विग-होलस्टाइनमधील धातुकामगार आजारपणातील मजुरीसाठी ऑक्टोबर १९५६ पासून फेब्रुवारी १९५७ पर्यंत, सुमारे सोळा आठवडे, संपावर होते. कारकुनांना सहा आठवड्यांचा पगार मिळत असे, हातांनी काम करणाऱ्यांना नाही, हा भेद त्यांना मान्य नव्हता. तो पूर्णपणे मिटायला १९७० साल उजाडले. तेथे खालच्या मजल्याने वरच्या मजल्याचा हक्क मागितला. सर्जापूर रोडवर वरच्या मजल्याने खालच्याचा मागण्याची वेळ आली आहे.

आणि येथे उलट काय घडते? जुलै २०२४ मध्ये दिवसाला बारा तासांहून अधिक काम घेण्याची मुभा देणारी दुरुस्ती कर्नाटक सरकारपुढे आली. राज्यातील आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने तिला कडाडून विरोध केला. निरोग्याचे तास वाढविण्याचा मसुदा तयार होतो. आजाऱ्याचे तास कमी करण्याचा मसुदा कोणी लिहीत नाही. कमी तासांची सवलत वरिष्ठाच्या मर्जीवर राहते, वरिष्ठ बदलला की संपते, आणि तिमाही मूल्यमापनात ‘कामगिरी समाधानकारक नाही’ हा शेरा होऊन परत येते. मग आजारी माणसाला काढण्याचीही गरज उरत नाही. त्याला एका खोलीत बोलावून राजीनामा लिहून द्यायला सांगितले जाते.

त्या खोलीत जाण्यापूर्वी काही गोष्टी प्रत्येकाला ठाऊक हव्यात. तासांची मागणी तोंडी न करता डॉक्टरच्या दाखल्यासह लेखी करावी आणि उत्तरही लेखीच मागावे. १९६१ च्या कायद्याचे ३९ वे कलम सहा महिने नोकरी झालेल्याला वाजवी कारणावाचून काढण्यास मनाई करते व त्यावर अपिलाची तरतूद ठेवते. पण ते काढलेल्या माणसासाठी आहे, राजीनामा दिलेल्यासाठी नाही. आजाराने कायमचे अपंगत्व येऊन नोकरी सुटली, तर ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची अट लागू होत नाही. कंत्राटी कामगाराने आपल्या विमा क्रमांकावर वर्गणी जमा होते की नाही हे दर महिन्याला पाहावे. ज्याला मोबाइलवर ते जमत नाही, त्याला वरच्या मजल्यावरच्या माणसाने जेवणाच्या सुट्टीत खाली येऊन पाहून द्यावे.